वैद्यकीय शोधनिबंधातील संदर्भनिर्देश

अमीबाजन्य आमांशासंबंधीच्या वाङ्मयात डॉ. ओ. उप्लावित्सी या नावाचे एक संशोधक सुमारे अर्धशतक वावरत होते. १८८७ साली त्यांनी या रोगावर एक निबंध प्रसिद्ध केला, असा निर्देश एकामागून एक लेखक करीत राहिले. वस्तुतः या नावाचा मनुष्य कधी जन्मासच आला नव्हता. निबंध मात्र खरा होता. तो प्रागचे यारोस्लाव ह्लावा यांनी चेक भाषेत लिहिला होता आणि त्याचे शीर्षक होते 'ओ ऊप्लावित्सी', म्हणजे 'आमांशाविषयी'. एका जर्मन नियतकालिकासाठी त्याचा सारांश तयार होताना शीर्षक हेच ग्रंथकाराचे नाव समजले गेले आणि 'विषयी' या अर्थाचा 'ओ' हा शब्द त्याचे आद्याक्षर बनला. पुढच्यांनी मूळ निबंध न पाहता सारांशावरून तो निर्देश उतरून घेतला, आणि त्यांच्या पुढच्यांनी त्यांच्यावरून. अखेर १९३८ साली क्लिफर्ड डोबेल या ब्रिटिश आदिजीवशास्त्रज्ञाने 'पॅरासिटॉलॉजी' या नियतकालिकात एक टिपण लिहून हा प्रकार उघडकीस आणला. टिपणाच्या शीर्षकात डॉ. उप्लावित्सींच्या नावापुढे १८८७ ते १९३८ अशी सनावळी घालून त्याने त्यांचा जणू अंत्यविधीच उरकला.

ही हकीकत विनोदी खरी. पण तिच्यातील दोष दुहेरी आहे. ग्रंथकाराचे नाव चुकले हा एक, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांनी निबंध वाचलेला नव्हता हा दुसरा. संदर्भ देणारा लेखक वाचकाला दोन गोष्टींची ग्वाही देत असतो: मी सांगतो त्या ठिकाणी हा निबंध सापडेल, आणि मी म्हणतो तेच त्या निबंधात म्हटलेले आहे. संदर्भ लिहिण्याचे जे नियम नियतकालिके घालून देतात, ते सर्व पहिल्या ग्वाहीच्या रक्षणासाठी आहेत. दुसरीचे रक्षण कोणताही नियम करू शकत नाही. पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंध किंवा निबंध सिद्ध करताना पहिल्या गोष्टीच्या तपशिलात इतका गुंतून पडतो की दुसरीची आठवण त्याला क्वचितच राहते. आणि परीक्षकही बहुधा स्वल्पविरामच तपासतात.

प्रथम नियमांचा विचार करू. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत प्रत्येक वैद्यकीय नियतकालिकाची संदर्भ लिहिण्याची तऱ्हा वेगळी होती. एका ठिकाणाहून साभार परत आलेला निबंध दुसरीकडे पाठवावयाचा तर संदर्भसूची पुन्हा पहिल्यापासून टंकलिखित करावी लागे. हा त्रास टाळावा या हेतूने १९७८ च्या जानेवारी महिन्यात काही सर्वसाधारण वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे अनौपचारिकपणे जमले. त्यांनी ठरविलेले नियम १९७९ साली प्रसिद्ध झाले. संदर्भांचे नमुने अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने तयार केले होते. या पद्धतीस 'व्हँकुव्हर पद्धती' हे नाव त्या गावावरून पडले. त्या मंडळीचीच पुढे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली, आणि २०१३ पासून तिचा नियमसंग्रह 'शिफारशी' या नावाने निघतो. मूळ समझोता मोठा व्यवहारी होता, हे सांगितले पाहिजे. प्रत्येक नियतकालिकाने आपली छपाईची तऱ्हा सोडावी असा आग्रह त्यात नव्हता. या रूपात आलेले हस्तलिखित केवळ रूपाच्या कारणावरून परत करू नये, एवढेच त्यात अपेक्षित होते.

यापूर्वीची आणि अद्यापही जीवशास्त्रात व सामाजिक शास्त्रांत रूढ असलेली पद्धती 'हार्वर्ड' या नावाने ओळखली जाते. तीत मजकुरात लेखकाचे आडनाव व साल येते आणि सूची वर्णानुक्रमाने लावतात. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ सालच्या, बागेतील गोगलगाईवरील निबंधापर्यंत तिचे मूळ नेऊन पोचविण्यात आले आहे. व्हँकुव्हर पद्धतीत मजकुरात केवळ अंक येतो. हार्वर्ड पद्धतीत नाव व साल वाचताक्षणीच जाणत्या वाचकाच्या ध्यानात येते की विधानाला आधार तीस वर्षांपूर्वीचा आहे. अंक मात्र काहीच बोलत नाही. वैद्यकाने अंकपद्धती स्वीकारली ती जागेच्या काटकसरीसाठी आणि वाक्याचा ओघ तुटू नये म्हणून. तिच्या सोयीबरोबर हा तोटाही पत्करावा लागतो.

आता एका संदर्भाची अंगे पाहू. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगासंबंधी लिहिलेला निबंध वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचा निर्देश व्हँकुव्हर पद्धतीने असा होईल (येथे तो नागरी लिपीत दिला आहे, हस्तलिखितात अर्थातच रोमन लिपीत जाईल):

वकील आरजे. अ क्लिनिकल ट्रायल ऑफ राउवोल्फिया सर्पेंटिना इन इसेन्शियल हायपरटेन्शन. ब्र हार्ट जे. १९४९;११(४):३५०-५.

आडनाव प्रथम, नंतर आद्याक्षरे. त्यांच्यामध्ये स्वल्पविराम नाही, आणि आद्याक्षरांमध्ये टिंबेही नाहीत. शीर्षकात पहिला शब्द व विशेषनामे सोडून मोठी अक्षरे येत नाहीत. नियतकालिकाच्या नावाचा संक्षेप, पूर्णविराम, साल, अर्धविराम, खंड, कंसात अंक, अपूर्णविराम, पृष्ठे. पृष्ठांकातील पुनरावृत्त आकडे गाळून ३५०-३५५ ऐवजी ३५०-५ लिहितात. वर्षभराच्या अंकांचे पृष्ठांक सलग चालत असतील तर अंकाची गरज उरत नाही, म्हणून कंसातील आकडा काही नियतकालिके गाळतात. हे सारे क्षुल्लक वाटते. परंतु खंड अकरा आणि अंक चार ही माहिती चिन्हांच्या स्थानावरूनच वाचकाला कळते, 'खंड' हा शब्द कोठेच लिहिलेला नसतो. अर्धविराम जागचा हलला की आकड्यांचा अर्थ हलतो.

संक्षेपांविषयी एक सूचना आवश्यक आहे. वकील यांचा निबंध ज्यात आला ते 'ब्रिटिश हार्ट जर्नल' १९९६ पासून केवळ 'हार्ट' या नावाने निघते. म्हणून १९४९ च्या निबंधापुढे 'हार्ट' लिहिणे चूक होय. निबंध प्रसिद्ध झाला त्या वेळचे नाव द्यावयाचे. तीच गोष्ट 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ची. ते १९८८ पासून 'बीएमजे' झाले. त्यापूर्वीच्या निबंधांना जुन्याच नावाचा संक्षेप हवा. 'लॅन्सेट' किंवा 'नेचर' यांसारखी एकशब्दी नावे संक्षिप्त करीत नाहीत. संक्षेप मनाने बनवू नयेत. राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या सूचीत ते पाहावेत. पुष्कळ नियतकालिकांच्या सूचनांत आजही 'इंडेक्स मेडिकसप्रमाणे संक्षेप द्यावेत' असे वाक्य आढळते. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली सुरू केलेली ती सूची २००४ च्या डिसेंबरनंतर छापणे बंद झाले आहे; सूचना मात्र तशाच राहिल्या आहेत.

लेखकांची नावे हा आपल्याकडील विद्यार्थ्यांना अधिक अडविणारा विषय आहे. आडनाव शेवटी येते असे गृहीत धरून पाश्चात्त्य पद्धती रचलेली आहे. मराठी नावांना ती सहज लागू पडते: स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, आडनाव; त्यांतील पहिल्या दोहोंची आद्याक्षरे. दक्षिणेकडील नावांत तसे नाही. जीवरसायनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने जिचे नाव ऐकलेले असते ती फॉस्फरस मोजण्याची फिस्के व सुब्बाराव यांची पद्धती घ्या. १९२५ सालच्या त्या निबंधाचे सहलेखक येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे घराणे येल्लाप्रगडा. सुब्बाराव हे त्यांचे स्वतःचे नाव. तथापि वाङ्मयात ते 'सुब्बाराव वाय' म्हणूनच नोंदले गेले आणि तसेच निर्दिष्ट केले पाहिजेत. निबंधावर नाव ज्या रूपात छापले आणि सूचीत जसे नोंदले गेले तसेच घ्यावे. घराण्याच्या नावाविषयीचे आपले ज्ञान संदर्भसूचीत दाखवू नये. विवाहानंतर नाव बदललेल्या लेखिकेचे दोन निबंध दोन नावांनी असतील तर ते दोन नावांनीच राहतात. नवोदित लेखकाने मात्र आपल्या नावाचे एकच रूप पहिल्या निबंधापासून ठरवून घ्यावे हे बरे. २०१२ पासून मिळू लागलेला ऑर्किड क्रमांक या कामी उपयोगी पडतो.

लेखक अनेक असतील तर संपादक समितीच्या नमुन्यांत पहिली सहा नावे देऊन पुढे 'आणि इतर' या अर्थाचे 'एट अल.' लिहितात. काही नियतकालिके सहांहून अधिक लेखक झाले की पहिली तीनच नावे ठेवतात. यात कोणतेही तत्त्व शोधण्यात अर्थ नाही. ज्या नियतकालिकाकडे निबंध पाठवावयाचा त्याचा ताजा अंक पुढे ठेवून पाहणे हा एकच उपाय आहे. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालय यांच्या अध्यापकवर्गातर्फे १९५५ पासून निघणारे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' असो की दिल्लीचे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' असो, लेखकांसाठीच्या सूचना वाचून शिवाय छापलेली सूची पाहिल्यावाचून अनुमान करू नये.

ग्रंथ, ग्रंथातील प्रकरण, शासकीय अहवाल, संकेतस्थळ यांचे नमुने ग्रंथालयाच्या नियमपुस्तकात तयार मिळतात. त्यांचा येथे विस्तार करण्याचे कारण नाही. मराठी साधनांविषयी मात्र सांगितले पाहिजे, कारण सार्वजनिक आरोग्यावर लिहिणाऱ्यांना ती लागतात आणि बहुधा गाळली जातात. मराठी लेखाचे शीर्षक रोमन लिपीत लिप्यंतर करून द्यावे, त्यापुढे चौकोनी कंसात इंग्रजी भाषांतर द्यावे आणि निर्देशाच्या अखेरीस भाषेचे नाव लिहावे. चौकोनी कंस आणि भाषेचे नाव या दोन खुणा असल्या की शीर्षकाला कोणी मनुष्य समजण्याची भीती राहात नाही.

मजकुरातील अंकांचा नियम सोपा आहे, पण त्याचे परिणाम दूरवर पोचतात. संदर्भांना ते मजकुरात प्रथम ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने अंक द्यावयाचे. तोच संदर्भ पुन्हा आला तर तोच अंक. केवळ कोष्टकात किंवा आकृतीखालच्या मजकुरात येणाऱ्या संदर्भाचा क्रम, त्या कोष्टकाचा उल्लेख मजकुरात प्रथम जेथे होतो त्या स्थानावरून ठरतो. हा नियम बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊकच नसतो आणि म्हणून कोष्टकातील संदर्भ सूचीच्या शेपटीस जोडलेले आढळतात. अंक वाक्याच्या शेवटीच टाकावा असेही नाही. 'हा विकार मुलांत अधिक आढळतो, परंतु प्रौढांत त्याची तीव्रता जास्त असते' या वाक्याच्या दोन अर्धांना दोन निराळे आधार असतील, तर एक अंक स्वल्पविरामाशी व दुसरा पूर्णविरामाशी पडला पाहिजे. शेवटी एकत्र टाकलेले चार अंक वाचकाला हेच सांगतात की कोणत्या निबंधात काय आहे हे त्याने स्वतः शोधून काढावे.

इतके सर्व पाळूनही चुका किती होतात? 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १९८४ च्या जानेवारी महिन्यातील सहा वैद्यकीय नियतकालिकांतले संदर्भ मुळाशी ताडून पाहिले होते. संदर्भ लिहिण्यातील चुका शेकडा २४ निघाल्या. शेकडा ८ इतक्या गंभीर होत्या की मूळ निबंध लगेच सापडू नये. परंतु अधिक विचार करावयास लावणारा आकडा निराळाच आहे. शेकडा १५ संदर्भांत मूळ लेखकाचे म्हणणेच चुकीचे मांडलेले होते, आणि त्यांतील बहुतेक चुका वाचकाची दिशाभूल करणाऱ्या होत्या. म्हणजे निबंध सापडला तरी त्यात सांगितलेली गोष्ट नव्हती.

या दुसऱ्या प्रकारच्या चुकीने काय घडू शकते, याचे उदाहरण अलीकडच्या वैद्यकीय इतिहासात आहे. १९८० च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे पाच वाक्यांचे एक पत्र छापले गेले. रुग्णालयात दाखल झालेल्या ज्या रुग्णांची नोंद त्यांनी ठेवली होती, त्यांपैकी ११,८८२ जणांना निदान एकदा तरी मादक वेदनाशामक दिले गेले होते. पूर्वी व्यसन नसलेल्यांत व्यसन जडल्याची बऱ्यापैकी पुरावा असलेली उदाहरणे चारच आढळली. पत्रात खोटे काही नव्हते. ते रुग्णालयातील रुग्णांविषयी होते, आणि घरी महिनोन्‌महिने ही औषधे घेणाऱ्या दीर्घवेदनाग्रस्तांविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. २०१७ साली कॅनडातील संशोधकांनी या पत्राचे पुढील काळातील सर्व निर्देश गोळा केले. ते ६०८ भरले. त्यांपैकी ४३९ लेखकांनी मादक वेदनाशामकांनी व्यसन क्वचितच जडते याचा पुरावा म्हणून पत्र पुढे केले होते, आणि ४९१ लेखकांनी पत्रातील रुग्ण रुग्णालयात दाखल असलेले होते हे सांगितलेच नव्हते. उत्तर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाची जी साथ पसरली, तिला या बेफिकीर निर्देशांचा हातभार लागला असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला. नियतकालिकाने नंतर त्या जुन्या पत्रास सावधगिरीची संपादकीय टीप जोडली.

आता या पत्राचा संदर्भ पाहा: पोर्टर जे, जिक एच, साल १९८०, खंड ३०२, पृष्ठ १२३. यात चुकण्यासारखे फारसे नाही, आणि असंख्य सूचींतून तो अगदी निर्दोष छापला गेला असणार. पत्र शोधून वाचावयास पाच मिनिटे पुरली असती. एका पृष्ठाचा निर्देश पाहून तरी, ज्याचा आपण आधार घेत आहो तो सविस्तर अभ्यास नसून पत्र आहे, एवढे लक्षात यावयास हवे होते. संदर्भसूची नीट वाचणाऱ्यास पृष्ठांकही असे काही सांगत असतात.

दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ उचलण्याची सवय इतिहासाच्या बाबतीतही नडते. सर्पगंधेविषयी लिहिणारे पुष्कळजण वकील यांच्या १९४९ च्या निबंधापाशी थांबतात. कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये या वनस्पतीच्या उन्माद व रक्तदाब या दोहोंवरील उपयोगाविषयी लिहिले होते, हे त्यांच्या गावीही नसते. मूळ निबंध खरोखरच दुर्मिळ असेल आणि दुसऱ्याच्या आधारानेच लिहावे लागत असेल, तर जो वाचला त्याचाच निर्देश करावा आणि त्यातून मूळ निबंधाविषयी कळले असे मजकुरात म्हणावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

संदर्भ सांभाळणारे संगणक कार्यक्रम, जसे एंडनोट किंवा २००६ साली निघालेले झोटेरो, अंकांचा क्रम आपोआप लावतात आणि एका पद्धतीतून दुसरीत सूची क्षणात बदलून देतात. व्हँकुव्हर येथे जमलेल्या संपादकांची मूळ तक्रार यामुळे जवळजवळ संपली आहे. मात्र कार्यक्रमात भरलेली नोंदच सदोष असेल तर तो दोष प्रत्येक पद्धतीत तितक्याच सफाईने उमटतो. आद्याक्षरे व आडनाव यांची अदलाबदल, संस्थेच्या नावाचे मनुष्यनामात रूपांतर, मोठ्या अक्षरांतील शीर्षके हे त्यांचे नेहमीचे प्रकार होत. अलीकडे मजकूर रचणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या कार्यक्रमांनी यात नवी भर घातली आहे. ते खऱ्या लेखकांची नावे, खरे नियतकालिक, शक्य वाटणारे खंड व पृष्ठे जुळवून अस्तित्वातच नसलेला निबंध उभा करू शकतात. रूपाच्या दृष्टीने तो निर्देश निष्कलंक असतो. डॉ. उप्लावित्सींच्या पाठीशी निदान एक खरा निबंध तरी होता. अशा कार्यक्रमाने दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेडमध्ये किंवा डीओआय या कायम क्रमांकावरून उघडून पाहिल्याखेरीज सूचीत घेऊ नये, आणि त्या कार्यक्रमाचा मजकूर हा मूळ आधार म्हणून तर निर्दिष्ट करूच नये.

मागे घेतलेल्या निबंधांचा प्रश्नही लेखकावरच सोपविलेला आहे. २०२० च्या मे महिन्यात 'लॅन्सेट' व 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' यांत कोविडसंबंधी एकाच खाजगी कंपनीच्या माहितीवर आधारलेले दोन निबंध आले. त्या माहितीची खातरजमा होऊ न शकल्याने ४ जून रोजी दोन्ही मागे घेण्यात आले. त्यानंतरही पुष्कळ लेखक ते वैध पुराव्यासारखे निर्दिष्ट करीत राहिले, कारण आपल्या संग्रहात उतरवून ठेवलेल्या प्रतीवर 'मागे घेतला' असा शिक्का आपोआप उमटत नाही. हस्तलिखित रवाना करण्याच्या दिवशी सर्व संदर्भ पबमेडमध्ये पुन्हा एकदा पाहणे हाच त्यावर उपाय. निबंध मागे घेतला या घटनेविषयीच लिहावयाचे असेल तर त्याचा निर्देश अवश्य करावा, परंतु मागे घेतल्याची सूचना कोठे छापली तेही त्यात यावे.

निबंध स्वीकारला जाऊन मुद्रिते हाती येईपर्यंत कित्येकदा सहा महिने, वर्ष उलटते. 'प्रकाशनाच्या मार्गावर' म्हणून दिलेल्या निबंधांना तोवर खंड व पृष्ठांक मिळालेले असतात. ते मुद्रितांत भरून घ्यावेत, संपादक त्यास सहसा हरकत घेत नाहीत. मध्येच नवा संदर्भ घुसविण्यास मात्र घेतात, कारण त्यामुळे पुढचे सर्व अंक मजकुरात, कोष्टकांत आणि आकृतींखाली एकेकाने सरकवावे लागतात.